नळ गरजेपुरताच उघडावा

आमच्या घरात बिअर हा शब्द पहिल्यांदा मोठ्याने कुणी उच्चारला असेल, तर तो माझ्या बायकोने. तोही भर सकाळी, लसूण सोलता सोलता. ती बँकेतून निवृत्त होणार होती आणि तिला शाखेतल्या सगळ्यांना घरी बोलवायचं होतं.

"हॉटेल नको, हॉल नको, कुणी माझ्याबद्दल खोटं खोटं बोलायला नको," ती म्हणाली. "सगळे इथे येतील, मी उभी राहून चार शब्द बोलेन आणि तेव्हा प्रत्येकाच्या हातात नळातून काढलेली थंडगार बिअर असेल. एवढंच हवंय मला. खाण्याचं, बसण्याचं, भांड्याकुंड्यांचं मी बघते. बिअर तेवढी तुमच्याकडे."

लग्न झाल्यापासून या बाईने माझ्याकडे स्वतःसाठी असं काही मागितल्याचं मला आठवत नाही. म्हणजे सिलिंडर लावा, माळ्यावरची बॅग काढा हे असतंच, पण ते मागणं नव्हे. हे मागणं होतं. मी छाती पुढे काढून म्हणालो, "नळाचं काम ना? मग डोळे मिटून माझ्यावर सोड."

हे मी उगाच म्हणालो नाही. आमच्या इमारतीच्या पाणी समितीचा मी अध्यक्ष आहे. दुसरं कुणी उभंच राहत नसल्यामुळे दरवर्षी बिनविरोध निवडून येतो, पण बिनविरोध म्हणजे बिनविरोधच. इमारतीतल्या प्रत्येक गळक्या नळाशी माझी वैयक्तिक ओळख आहे. जिन्यात प्रत्येक मजल्यावर "नळ गरजेपुरताच उघडावा" ही पाटी लावली आहे ती मी. लोक मागे मला 'थेंबेसाहेब' म्हणतात हे मला ठाऊक आहे. मी ते मनाला लावून घेत नाही. नळ पूर्ण उघडणाऱ्या माणसाला आयुष्यात कसलीच किंमत नसते, असं माझं प्रामाणिक मत आहे. होतं.

यंत्र आणलं मेहुण्याने. बायकोचा हा धाकटा भाऊ समारंभांना लागणारं सामान भाड्याने देतो. एक बुटका फ्रिज, त्याच्या दारावर काळ्या दांडीचा चकचकीत नळ, आत बिअरने भरलेलं स्टीलचं पिंप, शेजारी गॅसची टाकी आणि हे सगळं एकमेकांना जोडणारी नळी. गॅसने बिअर ढकलायची आणि नळातून ती ग्लासात यायची, इतकं साधं काम.

पण ते घरात लावायच्या आधीच गाडं अडलं. फ्रिज लिफ्टमध्ये चढवताना सोसायटीच्या सेक्रेटरींनी दारावरचा नळ पाहिला.

"हा नळ आहे," ते म्हणाले.

"आहे. पण पाण्याचा नाही, थंड पेयाचा आहे."

"नियमात पेयाचा उल्लेख नाही. 'कोणत्याही घरात नवा नळ बसवण्यापूर्वी पाणी समितीच्या अध्यक्षांची लेखी परवानगी आवश्यक.' नियम कुणी केला?"

नियम मी केला होता. तिसऱ्या मजल्यावरच्या डेंटिस्टबाईंनी गॅलरीत गुपचूप नळ बसवला होता, त्यांना धडा शिकवायला. आता सेक्रेटरी लिफ्टच्या दारात पाय अडकवून उभे, मेहुणा फ्रिजला मिठी मारून उभा आणि लिफ्ट टँ टँ करून कोकलतेय.

मग काय करतो? घरी गेलो, टेबलापाशी बसलो आणि मीच मला अर्ज लिहिला. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून वगैरे. अर्ज हातात आल्यावर मात्र मला अध्यक्ष म्हणून तो लगेच मंजूर करवेना. ओळखीच्या माणसाला झटपट परवानगी दिली की लोक बोलतात. म्हणून तो एक रात्र ठेवून घेतला. मेहुण्याचा फ्रिज तेवढा वेळ तळमजल्यावर सायकलींच्या शेजारी उभा राहिला. सकाळी मी अर्ज मंजूर केला आणि खाली सवयीने अट घातली, 'सदर नळ गरजेपुरताच उघडण्यात यावा.' अर्जदार म्हणून मी ती अट मान्य असल्याची सही केली.

बायको हे सगळं चहा पीत पाहत होती. "तुम्ही दोघं एकमेकांशी बोलता तरी का?" तिने विचारलं. मी दुर्लक्ष केलं.

मेहुण्याने यंत्र जोडलं, "पिंप हललंय, आज बसू द्या, उद्यापासून काढा. काही नाही हो भाऊजी, नळ उघडायचा आणि ग्लास धरायचा," असं म्हणाला आणि दुसऱ्या गावी कसल्याशा मोठ्या समारंभाचं सामान घेऊन निघून गेला.

दुसऱ्या दिवशी ही बँकेत गेल्यावर मी नळासमोर ग्लास धरला. नळ कसा उघडायचा हे मला कुणी शिकवायची गरज नाही. बोट ठेवायचं, दांडी जरा, अगदी अलगद, निम्म्याच्याही आत आणायची आणि धार बारीक ठेवायची. नळ फिस्सकन बोलला आणि ग्लासात पांढराशुभ्र फेस आला. तळाशी बोटभर बिअर आणि वर सगळा फेस. दुसरा ग्लास भरला, तेच. तिसऱ्यात बिअर बोटभरसुद्धा नव्हती.

मेहुण्याला फोन लावला. पलीकडे बँडचा आवाज. "बसू द्या!" तो ओरडला. "काय बसू देऊ?" "पिंप! नाहीतर तुम्ही!" आणि फोन कटला.

आता हे कुणाला विचारायचं? घरात बिअरचं पिंप आहे हे सांगणं अध्यक्षाला शोभणारं नव्हतं. मी शेजारच्या निवृत्त प्राध्यापकांना म्हटलं, "समजा, एखाद्याच्या सोडा यंत्रातून नुसता फेस येत असेल, तर?" ते आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवत होते आणि निवृत्तीनंतर ते ऐकायला कुणी न उरल्यामुळे लिफ्टमध्ये शिकवतात. ते थेट माझ्या स्वयंपाकघरात आले, वास घेतला आणि म्हणाले, "सोडा उत्तम दिसतोय."

त्यांनी दाबाचा सिद्धांत मांडला. दाब जास्त झाला की फेस होतो, सबब दाब कमी करा. आम्ही गॅसचा दाब कमी केला. फेस सावकाश आला. मग त्यांनी सिद्धांत उलटा मांडला. दाब कमी पडला की गॅस बिअरमधून आधीच सुटतो, सबब दाब वाढवा. आम्ही वाढवला. मी नेहमीसारखी दांडी बारीक उघडली आणि फेसाची पिचकारी माझ्या चष्म्यावर, शर्टावर आणि प्राध्यापकांच्या भुवयांवर बसली. "सिद्धांत बरोबर आहे," रुमालाने भुवया पुसत ते म्हणाले, "यंत्र चुकतंय." जाताना अभ्यासासाठी म्हणून दोन ग्लास फेस घेऊन गेले.

त्यांच्या भुवयांचा वास जिन्यातून खाली गेला असावा, कारण संध्याकाळी डेंटिस्टबाई आल्या. त्याच त्या गॅलरीतल्या नळवाल्या. त्यांना आत घेताना मला कसंसंच झालं. त्यांनी बॅटरी लावून नळाचं तोंड असं तपासलं, की मीच आ वासून उभा राहिलो.

"आतून स्वच्छ करा," त्या म्हणाल्या. "सगळे रोग अस्वच्छतेतून. आणि थेंबे— म्हणजे, साहेब, धुताना पाणी भरपूर सोडा हं." त्यांना हसू आवरत नव्हतं. मी नळी काढून धुतली. पाणी बारीकच सोडलं. त्या समोर उभ्या असताना माघार घेणं शक्य नव्हतं.

फेस होता तसाच.

यंत्रावर कंपनीच्या मदतकेंद्राचा नंबर होता. एका मुलीने गोड आवाजात तक्रार नोंदवून घेतली. "सर, मी पाच प्रश्न विचारेन. पिंप थंड आहे का?" आहे. "इतक्यात हलवलं होतं का?" नाही. "गॅसची टाकी संपत आलीय का?" नाही. "ग्लास स्वच्छ धुतलेला असतो का, सर?"

माझं डोकंच फिरलं. माझ्या घरातले ग्लास अस्वच्छ? मी एका पेल्यात बादलीभर पाण्याचं काम करतो, पण भांडी आरशासारखी असतात. मी तिला सांगितलं, की बाई, नळ, पाणी आणि भांडी या विषयांत मला शहाणपण शिकवणारा अजून जन्माला यायचाय. "सर, पाचवा प्रश्न राहिलाय," ती म्हणाली. "तो स्वतःला विचारा," असं म्हणून मी फोन आपटला. मोबाइल आपटता येत नाही, म्हणून उशीवर आपटला.

आता तुम्ही म्हणाल, एवढा फेस वाया गेला असेल. छे! वाया घालवणं माझ्या रक्तात नाही. फेस बसला की त्याची बिअर होते, एवढं विज्ञान मलाही कळतं. मी प्रत्येक ग्लासाचा फेस भांड्यात साठवत गेलो. दुधाचं पातेलं भरलं. कुकर भरला. जग, तपेलं, फुलदाणी भरली. शेवटी केस धुवायचा तांब्या भरला. सगळीकडून हळूहळू सळसळ ऐकू येत होती. बसलेली बिअर मी गाळून बाटल्यांत भरली. चव साधारण लाकडासारखी होती.

ही घरी आली तेव्हा मी फुलदाणीतून बिअर ओतत होतो.

तिने पर्स ठेवली, कुकरचं झाकण उचलून पाहिलं, परत ठेवलं. मग म्हणाली, "अहो, परवा लोक येणार आहेत. जमत नसेल तर आत्ता सांगा. मी बाटल्या मागवते. मला राग येणार नाही."

इथेच सांगून टाकायला हवं होतं. माणसाने 'जमत नाही' म्हणायचं असतं. पण तिच्या 'राग येणार नाही'चाच मला राग आला. "नळाचं काम माझ्याकडे दिलंयस ना?" मी म्हणालो. "मग झालं." ती वळून बाथरूममध्ये गेली.

आतून नळाचा आवाज येऊ लागला. बराच वेळ येत राहिला. मी सवयीने दारावर टकटक केली. "अगं, नळ चालू आहे!"

आवाज बंद झाला. मग आतून, कोरड्या आवाजात, "भाषणाची तयारी करतेय. तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून सोडला होता."

"मग मी गॅलरीत जातो ना, त्यात काय!" मी म्हणालो. माझ्या मते मी तोडगा काढला होता. ती बाहेर आली आणि झोपायला गेली. भाषणाची तयारी तिने पुढे कुठे केली, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

समारंभाच्या दिवशी मी पांढरा शर्ट घालून फ्रिजशेजारी उभा राहिलो. शाखेची सगळी माणसं आली. रोखपाल आले, कर्ज विभागातली मुलं आली, कधीच कुणाच्या घरी न जाणारे मोठे साहेब आले. ही निळी साडी नेसून दारात उभी होती आणि प्रत्येकाला हाताला धरून आत आणत होती. इतकी हसताना मी तिला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. सारखी वळून माझ्याकडे बघत होती. झालं का? मी अंगठा दाखवत होतो.

फाजील हात कुणी लावू नये म्हणून मी दांडीला सुतळी बांधली होती. निम्म्यावर आली की सुतळी ताणून दांडी थांबायची. पाटी करायचाही विचार होता, पण हिने तो कागद माझ्या हातातून काढून घेतला होता.

पहिला ग्लास मोठ्या साहेबांना. पांढराशुभ्र. साहेबांनी ग्लास उजेडात धरून बिअर कुठे आहे ते पाहिलं.

"फेस हा बिअरचा प्राण असतो, साहेब," मी म्हणालो.

"प्राणच दिसतोय, बाकी कुडी कुठे आहे?" साहेब म्हणाले आणि लोक हसले. तेवढ्यापुरतं मला वाटलं, निभावलं.

नाही निभावलं. दुसरा ग्लास तसाच, पाचवा तसाच. कुणाच्या मिशीला फेस, कुणाच्या नाकाला. कर्ज विभागातल्या मुलांनी चमचे मागवून फेस आइस्क्रीमसारखा खाल्ला आणि त्याचे फोटो काढले. रोखपाल बिचारे भिडस्त, त्यांनी ग्लास टेबलावर ठेवून फेस बसायची वाट पाहिली. तो बसल्यावर ग्लासात जे उरलं ते त्यांनी औषधासारखं घेतलं. मी शेवटी स्वयंपाकघरातून बाटल्या आणल्या. लाकडाच्या चवीच्या. मोठ्या साहेबांनी एक घोट घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि "चहा मिळेल का?" असं अत्यंत अदबीने विचारलं. त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

ही खोलीच्या मध्ये उभी होती. हातात रिकामा ग्लास. सगळ्यांना मिळाल्याशिवाय ती घेणार नव्हती आणि घेतल्याशिवाय भाषण सुरू करणार नव्हती. "पाच मिनिटं," मी म्हणालो. थोड्या वेळाने पुन्हा म्हणालो. कुणीतरी घड्याळ पाहिलं. कुणीतरी चपला कुठे काढल्या ते आठवू लागलं. रोखपालांनी "शेवटची बस" असा शब्द उच्चारला. हिच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, पण आता ते तिने धरून ठेवलेलं होतं. ते माझ्याने बघवेना. मी नळाकडे तोंड करून आणखी बारीक, आणखी बारीक उघडत राहिलो.

मग मागून आवाज आला. "बाजूला व्हा."

"अगं, दोनच मिनिटं—"

"व्हा."

मी सरकलो. तिने ग्लास तिरका धरला, दांडी मुठीत पकडली आणि खाली ओढली. सुतळी तटकन तुटली. दांडी पार शेवटपर्यंत गेली.

आणि मी, पाणी समितीचा अध्यक्ष, तिच्या सगळ्या शाखेसमोर, "पूर्ण नको! वाया जाईल!" असं ओरडून तिचा हात धरला.

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. ग्लासाकडे पाहत, अगदी हळू आवाजात म्हणाली, "हात काढा."

मी हात काढला. नळातून सोनेरी, स्वच्छ, जाड धार येत होती. ग्लास भरला. वर बोटभर फेस, तोही जिथे असायला हवा तिथेच. तिने ग्लास वर धरला. पलीकडच्या दिव्याचा बल्ब आरपार दिसत होता. अर्धवट उघडल्या नळातून घासत येते म्हणून बिअर फेसाळते, हे कळायला कुठल्याही सिद्धांताची गरज उरली नव्हती.

"लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून," ती सगळ्यांकडे वळून म्हणाली, "मी पहिल्यांदा नळ पूर्ण उघडला."

काय हशा पिकला! साहेबांनी टाळ्या वाजवल्या, मुलांनी शिट्ट्या मारल्या. सगळ्यांना वाटलं, भाषणाची ही झकास सुरुवात. तीही हसली. तिचे डोळे भरले होते. ते हसून भरलेले नव्हते, हे त्या खोलीत एकट्या मलाच कळलं. जमीन दुभंगावी असं लोक म्हणतात, पण आमच्या खाली डेंटिस्टबाई राहतात. मी आपला भिंतीला टेकून उभा राहिलो.

नंतर ग्लास भरायचं काम तिनेच केलं. एकेक ग्लास, फटाफट. मी ट्रे धरला. सगळ्यांच्या हातात बिअर आल्यावर ती बोलली. छान बोलली. शिपायापासून साहेबांपर्यंत प्रत्येकाबद्दल एक गोष्ट होती. पहिल्या दिवशी नोटा मोजताना हात कसा थरथरला ते सांगितलं, आणि तेव्हा ज्यांनी पाणी आणून दिलं त्या रोखपालांनी रुमाल काढला. यातलं काहीच मला माहीत नव्हतं. बाथरूमच्या दाराशी मी इतक्या वेळा उभा राहिलो होतो, पण फक्त नळाचा आवाज ऐकत होतो.

"आणि ताई, साहेबांबद्दल?" मुलांनी गलका केला. साहेब म्हणजे मी.

मी ट्रे छातीशी धरला.

"ह्यांनी आज नळ सांभाळला," ती म्हणाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मान लववली. दुसरं काय करणार होतो?

सगळे गेल्यावर मी एकट्याने सगळे ग्लास धुतले. तिने धुऊ दिले. आमच्यात त्या रात्री भांडण झालं नाही. झालं असतं तर मला बाजू मांडता आली असती.

सकाळी जाग आली ती पाण्याच्या आवाजाने. बाथरूममधला नळ पूर्ण सुटला होता. बादली भरून वाहत असावी. आणि ही आत गात होती. तिला गाता येतं हे मी विसरलो होतो. पाय आपोआप दाराशी गेले, हात आपोआप वर झाला. टकटक करायला मुडपलेलं बोट दारापासून इंचभर अंतरावर होतं. तिथे ते राहिलं. इतकं पाणी! पण हात खाली घेतला आणि जेवणाच्या टेबलाशी येऊन बसलो.

तेवढ्यात फोन वाजला. मदतकेंद्रातली मुलगी. मी फोन टेबलावरच ठेवून स्पीकर लावला.

"सर, आपला पाचवा प्रश्न राहिला होता. विचारू का? बिअर काढताना नळ प्रत्येक वेळी पूर्ण उघडता ना?"

बाथरूमचं दार उघडलं होतं. ही केसांना पंचा गुंडाळून उंबऱ्यात उभी होती. "सांगा की," ती म्हणाली.

"कालपासून," मी म्हणालो.

"धन्यवाद, सर. मग तक्रार बंद करू का?"

मी हिच्याकडे पाहिलं. माझा चेहरा कसा दिसत होता देव जाणे. "तक्रार बंद करायची का, विचारतायत," मी म्हणालो.

तिने पंचा सोडला, केस पुढे घेतले आणि सावकाश पुसत राहिली.

"इतक्यात नको," ती म्हणाली. "महिनाभर तरी उघडी राहू दे."